वेताळाचे अठ्ठेचाळीस व्होल्ट

विजेचं आणि माझं लहानपणापासून जमलेलं नाही. आमच्या बँकेत 'शॉक' हा शब्द फक्त ऑडिटर आल्यावर वापरतात, आणि तेवढा अनुभव मला पुरेसा आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला, तो सुटताना दोन्ही पक्षांना सारखाच आनंद झाला होता. असा मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, माइकला लागणाऱ्या विजेवर लिहायला बसलो आहे, हे वाचून माझे शास्त्राचे मास्तर जिथे असतील तिथे पाणी मागतील.

पण त्याला कारण आमची आई.

आमचे अण्णा लाउडस्पीकरवाले. लग्न, मुंज, गणपती, निवडणूक, सप्ताह, काहीही असो, आमच्या गावात आवाज मोठा करायचा झाला की तो अण्णांकडूनच मोठा व्हायचा. घरात मात्र ते अतिशय हळू बोलायचे. दिवसभर गावाचा आवाज वाढवून स्वतःचा संपत असावा. त्यांच्याकडे कर्णे होते, अँप्लिफायर होते, दहा-बारा माइक होते, आणि या सगळ्या प्रजेवर राज्य करणारा एक राजा होता. निळ्या मखमलीच्या पेटीत झोपणारा, चांगला वीतभर लांब आणि वजनाला अडकित्त्याच्या दसपट असा एक जुना रिबन माइक. कोल्हापुरात बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. त्या महिन्यात घरात साखर आली नव्हती, एवढं आईला पक्कं आठवतं.

हा राजा कधी मांडवात गेला नाही. फार तर देवळाच्या गाभाऱ्याबाहेर, बंद दारांआड, एखाद्या मोठ्या कीर्तनकारासमोर त्याची स्वारी निघायची. कारण आपल्याकडची एक राष्ट्रीय सवय. माइक दिसला की माणूस आधी त्यात फुंकर मारतो. साधा माइक ती सहन करतो. रिबन माइकच्या पोटात मात्र दोन चुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक पट्टी टांगलेली असते, तिची जाडी दोन-चार मायक्रॉन. माणसाचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून पट्टीची कल्पना करा. आवाजाने ती हलते, हलल्याने तिच्यात वीज निर्माण होते. आणि फुंकरीने ती कायमची ताणली जाते. म्हणून अण्णा त्या माइकच्या दोन हात आसपास कुणाला फिरकू देत नसत. कुणालाही म्हणजे आईलासुद्धा.

अण्णा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. कर्णे भंगारात गेले, अँप्लिफायर कुणी कुणी नेले, मखमलीची पेटी माझ्याकडे पुण्याला आली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर राहिली. मग गेल्या वर्षी एका दुपारी आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आयुष्यभर गावाला माइक दिला रे ह्यांनी. मला एकदासुद्धा नाही दिला."

आईला ओव्या येतात. तिच्या आईच्या, आजीच्या, जात्यावरच्या. किती, ते तिलाही माहीत नाही. एक निघाली की तिच्या पदराला धरून दुसरी येते. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्या कुठेतरी ठेवाव्यात, आणि ठेवायच्याच तर ह्यांच्या माइकमधून ठेवाव्यात.

आता माझा भाचा ध्वनिमुद्रणाचा डिप्लोमा झालेला आहे. म्हणजे तो काय करतो ते मला माहीत नाही, पण ते करताना तो कानावर मोठाली हेडफोन घालतो आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही. तो एका रविवारी सगळं सामान घेऊन आला. लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं, एक नवा कोरा कंडेन्सर माइक आणि डब्याएवढी एक पेटी. तिला दोन माइक लावायची सोय होती, आणि पुढच्या बाजूला एक लाल दिव्याचं बटण, त्यावर लिहिलेलं: ४८.

"हे काय?" मी विचारलं.

"फँटम पॉवर, मामा."

माझं बालपण इंद्रजाल कॉमिक्सच्या शेवटच्या अंकांवर गेलं आहे. फँटम म्हणजे वेताळ! कवटीची गुहा, घोडा, लांडगा, आणि गुंडांच्या जबड्यावर उमटणारी अंगठी. त्याची पॉवर या डब्यात कशी आली, ते मला कळेना. भाच्याने कपाळाला हात लावला आणि मला समजावून सांगितलं. ते मी इथे माझ्या भाषेत सांगतो, कारण त्याच्या भाषेत ते मला तीन वेळा कळलं नव्हतं.

माइक दोन स्वभावांचे असतात. साधा डायनॅमिक माइक हा स्वतःचं स्वतः कमावणारा. त्यात तारेचं एक वेटोळं चुंबकात हलतं आणि वीज तयार करतं. कंडेन्सर माइक हा भत्त्यावरचा. त्याच्यात एक पातळ पडदा आणि त्यामागे एक धातूची चकती असते. त्या जोडीला विद्युतभार लागतो, आणि पोटातल्या छोट्या अँप्लिफायरलाही खाऊ घालावं लागतं. (काही माइकांना हा भार कारखान्यातूनच जन्मभराचा देऊन पाठवतात, पण पोटातला अँप्लिफायर त्यांनाही सुटत नाही.) बदल्यात तो आवाज फार बारकाईने टिपतो. भत्त्यावरची माणसं तक्रारी टिपतात तसा.

हा भत्ता त्याला पोचवायचा कसा? वेगळी वायर नको. ज्या तारांतून माइकचा आवाज बाहेर येतो, त्याच तारांतून उलट दिशेने ४८ व्होल्ट आत पाठवायचे! येणाऱ्या आवाजाला जाणाऱ्या विजेचा पत्ता लागत नाही, म्हणून ती 'फँटम'. हे नाव मूळचं टेलिफोनवाल्यांचं. तारांच्या दोन जोड्यांवर ते तिसरं संभाषण चालवायचे, त्या नसलेल्या तिसऱ्या जोडीला ते 'फँटम' म्हणत.

"पण अठ्ठेचाळीसच का?" मी विचारलं. आम्हा बँकवाल्यांना पन्नास दिसले नाहीत की दोन रुपये कुठे गेले हा प्रश्न पडतो.

त्याचं कारण नॉर्वेचा अंधार. १९६६ साली नॉयमान या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी असे माइक बनवले. त्या देशात हिवाळ्यात दिवस उजाडतो न उजाडतो तोच मावळतो, म्हणून स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची मध्यवर्ती सोय आधीच होती. म्हटलं, आहे तीच वापरा. आणि त्या दिवसापासून जगभरच्या स्टुडिओंत ४८ व्होल्ट चालू आहेत. कुणीतरी केलेली तात्पुरती सोय पुढे जगाचा नियम होते, हे वाचून मला आमच्या हेड ऑफिसची आठवण झाली.

यापुढचा भाग मात्र ऐकताना मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण तो चक्क हिशेबाचा होता.

माइकच्या केबलमध्ये तीन टोकं असतात. पहिलं जमिनीचं. दुसरं आणि तिसरं आवाजाचं. या दोघांवर आवाज एकमेकांच्या उलट धावतो, आणि पलीकडचा प्रीअँप्लिफायर दोघांतला फरक तेवढा मोजतो. ४८ व्होल्ट मात्र दोघांवर सारखेच चढवलेले असतात. इकडे अठ्ठेचाळीस, तिकडे अठ्ठेचाळीस, फरक शून्य!

"अरे, म्हणजे ताळेबंद!" मी ओरडलो. "डेबिट अठ्ठेचाळीस, क्रेडिट अठ्ठेचाळीस!"

"बॅलन्स्ड लाइनच म्हणतात त्याला," भाचा म्हणाला. कॉमर्सचा पदवीधर म्हणून आयुष्यात प्रथमच मला माझ्या पदवीचा अभिमान वाटला.

त्यामुळे साध्या डायनॅमिक माइकला चुकून ४८ व्होल्ट लागले तरी काही होत नाही. त्याच्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून मधून प्रवाह वाहत नाही. शिवाय प्रत्येक तारेच्या वाटेत ६८०० ओहमचा रोधक बसवलेला असतो. आमच्या एटीएमला असते तशी ती विड्रॉल लिमिट. एखादी तार थेट जमिनीला टेकली तरी सात मिलिअँपिअरच्या वर रक्कम निघत नाही. आणि प्रीअँप्लिफायरच्या दाराशी कपॅसिटर नावाचा वॉचमन असतो. तो आवाजाला आत सोडतो, व्होल्टना बाहेर थांबवतो.

"मग भ्यायचं कशाला?" मी म्हणालो.

"क्रमाला," भाचा म्हणाला, आणि पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या सुरात त्याने क्रम सांगितला. आधी केबल लावायची. आवाज पूर्ण खाली, स्पीकर बंद. मग ४८चं बटण. मग थोडं थांबायचं. मग हळूहळू आवाज वर. आवरताना उलट. आवाज खाली, ४८ बंद, अर्धा मिनिट थांबायचं, आणि मगच केबल उपसायची. कारण बटण बंद केलं तरी वॉचमनच्या खिशात ४८ व्होल्ट काही क्षण शिल्लक असतात. अशा वेळी केबल ओढली-खुपसली, तर तो ते एकदम प्रीअँप्लिफायरच्या नाजूक पोटात रिकामे करतो. शहाणे कारखानदार तिथे संरक्षण बसवतात, पण म्हणून आपण रोज परीक्षा बघू नये.

हा क्रम मी एका कानाने ऐकला. दुसऱ्या कानावर हेडफोन होता. आवाजाचं बटण किती वर आहे ते न बघता मी उत्साहाने ४८ दाबलं, आणि त्या कानात जो 'धाड्' असा आवाज झाला, तो मला अजून कधी कधी पहाटे ऐकू येतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय रे, फटाके कुणी आणले?"

इथपर्यंत गंमत होती.

त्यानंतर भाच्याने पेटीतून अण्णांचा माइक काढला, फडक्याने पुसला आणि म्हणाला, "मामा, याला फँटम नको हां. केबल ठीक असेल तर काही होत नाही, पण रिबनच्या बाबतीत विषाची परीक्षा नको. आणि या डब्यात ४८चं बटण दोन्ही माइकांना मिळून एकच आहे. आज आजीच्या समोर हा एकटाच लावू. मी खालून बॅटरी घेऊन येतो, तोवर हात लावू नकोस."

'केबल ठीक असेल तर काही होत नाही.' सर्क्युलर वाचताना आम्ही कारकून मंडळी नेमकी सोयीची ओळ लक्षात ठेवतो आणि खाली सही करतो. तसंच मी केलं.

आई अंघोळ करून, इरकल नेसून माइकसमोर येऊन बसली होती. "लवकर कर रे," ती म्हणाली, "आत्ता एक आठवतेय, मग जाईल." अण्णांचा माइक मी जोडून ठेवला होता. मला वाटलं, बाजूचा कंडेन्सरही असू दे, दोन दोन माइकांत ओवी येईल. आणि ताळेबंद तर जुळलेलाच आहे, फरक शून्य! मी आवाज खाली केला. स्पीकर बंद केले. क्रम अगदी बरोबर पाळला. आणि ४८ दाबलं.

कसलाही धाड् झाला नाही. लाल दिवा लागला. आईने ओवी म्हटली. कंडेन्सरमधून ती स्वच्छ आली. अण्णांच्या माइकमधून आली ती घोंगडीखालून आल्यासारखी. बारीक, खोल, दूर गेलेली.

भाचा वर आला. दिव्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला, पण तो काही बोलला नाही. त्याने आवाज खाली करून ४८ बंद केलं, अर्धा मिनिट थांबला, केबल काढली आणि मल्टिमीटर लावला. एक आणि तीन या टोकांवर टेकवताच मीटर 'पीं' करून ओरडलं. त्याने केबलचं टोक उघडलं.

"मामा, हे सोल्डर कुणी केलंय?"

'ही एंट्री पास कुणी केली?' या प्रश्नाला बँकेत जशी शांतता होते, तशी शांतता झाली. मग मी म्हणालो, "मी."

खरोखरच मी. माझ्या कॉलेजच्या सुट्टीत, अण्णांच्या शेजारी बसून, त्यांच्याच सोल्डरने. त्यांच्या अँप्लिफायरला दोन तारांचा साधा जॅक लागायचा, म्हणून तिसरं टोक पहिल्याला, म्हणजे जमिनीला, जोडून टाकायची आमची रीत होती. तिथे ती बरोबर होती. पण इथे? दुसऱ्या तारेवर ४८ व्होल्टचा दाब, आणि तिसरी तार जमिनीवर. फरक शून्य कुठला! प्रवाह माइकच्या ट्रान्सफॉर्मरमधून धावला, त्याने त्या दोन-चार मायक्रॉनच्या पट्टीला हिसका दिला आणि ती ताणून ढिली पडली. जो ताळेबंद जुळलेलाच नाही, त्यावर मी 'फरक शून्य' म्हणून सही ठोकली होती. ४८ व्होल्टचा यात काही दोष नाही. ते नियमाप्रमाणे गेले.

भाच्याने टॉर्च मारून जाळीतून दाखवलं. पट्टी एका बाजूला लोंबत होती. मी आईकडे बघितलं नाही. आई मात्र माइककडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यांचाही आवाज शेवटी असाच झाला होता. यायचा, पण लांबून." आणि आत जाऊन तिने चहा टाकला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

मुंबईत अशा माइकांची पट्टी बदलून देणारे एक वयस्कर कारागीर भाच्याने शोधून काढले. त्यांनी माइक हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि "फुंकर की फँटम?" एवढंच विचारलं. डॉक्टर 'दारू की तंबाखू?' विचारतात तसं. मी म्हणालो, "फँटम." त्यांनी मान हलवली. त्यांच्या मते फुंकरवाले निदान अडाणी तरी असतात.

तीन आठवडे गेले. खर्च माझ्या एलएफसीच्या पैशातून झाला. त्या रकमेत आम्ही काश्मीरला जाणार होतो, ते महाबळेश्वरला जाऊन आलो. बायको म्हणाली, "अहो, धुकं इथेही असतंच." हे तिचे माझ्यावर मोठे उपकार आहेत, आणि ते ती वर्षभर विसरू देणार नाही.

मी मात्र सुधारलो. बँकेत स्ट्राँगरूमची किल्ली एकट्याच्या हाती कधी देत नाहीत. दोन माणसं, दोन किल्ल्या, तेव्हाच कुलूप उघडतं. घरी मी एक रजिस्टर घातलं: '४८ व्होल्ट नोंदवही'. रकाने असे. तारीख, कोणता माइक, फँटम हवी की नको, केबल मीटरने तपासली काय, आवाज खाली काय, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, सही, दुसरी सही, शेरा. भाचा आधी हसला. हल्ली त्याच्या मित्रांच्या स्टुडिओत अशीच वही आहे असं ऐकतो. त्यांनी तिसऱ्या पानावर दोन नियम जास्तीचे घातले आहेत. ज्या केबलचा इतिहास माहीत नाही ती उघडून बघितल्याशिवाय लावायची नाही, आणि मोबाइल किंवा कीबोर्डसारखं यंत्र माइकच्या भोकात जोडण्याआधी ४८ बंद आहे ना, ते डोळ्यांनी बघायचं. त्या यंत्रांच्या बाहेर पडायच्या दारातून कुणी आत शिरेल, अशी त्यांची अपेक्षाच नसते.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक झाली. नवी केबल, तीनही टोकं आपापल्या जागी. कंडेन्सर माइक डब्यात बंद. लाल दिवा बंद. मी बघितलं, भाच्याने बघितलं, दोघांनी सह्या केल्या. जुनी केबल मी टाकून द्यायला निघालो होतो. आईने ती गुंडाळून निळ्या मखमलीच्या पेटीत ठेवली. "त्यांनी शिकवलं तसंच केलं होतंस ना?" म्हणाली. "मग राहू दे."

ती माइकसमोर बसली. पदर सारखा केला. आमच्या गावात माइकसमोर बसून त्यात फुंकर न मारणारी ती बहुधा एकटीच. तिने क्षणभर माइककडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"ऐकू येतंय का?"

"हो आजी, छान येतंय," भाचा हेडफोन धरून म्हणाला.

"तुला नाही विचारलं," आई म्हणाली, आणि तिने पहिली ओवी सुरू केली.

त्या दिवशीच्या नोंदीत मी शेऱ्याचा रकाना कोरा सोडला आहे.